पहिल्या ओळीचं शून्य

मला धीर नाही, हे आधीच सांगून टाकते. नळाखाली बादली भरेपर्यंतसुद्धा मला नुसतं उभं राहवत नाही, तेवढ्यात माझी दोन भांडी विसळून होतात. नवरा म्हणतो, "तुझ्या पोटात किल्ली आहे, रोज सकाळी कुणीतरी फिरवून जातं." म्हणू दे. ह्याच स्वभावामुळे मला हे काम मिळालं आणि सहा वर्षं टिकलं. गळ्यात दोरीला स्टॉपवॉच, काखेत टॅब, पिशवीत उताऱ्यांचे कागद घेऊन मी शाळाशाळांतून फिरते आणि लहान मुलांना वाचता येतं का ते तपासते. एका मुलाला साठ सेकंद. बाकीच्या बाया एकसष्टावं, बासष्टावं सेकंद सोडून देतात, मूल धडपडत असलं की त्यांचा जीव तुटतो. माझं साठ म्हणजे साठ. कचेरीत मला घड्याळबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला कान आहेत ना.

नियम सोपे आहेत. मुलापुढे साठ शब्दांची एक गोष्ट ठेवायची. 'मोठ्याने वाच' म्हणायचं आणि घड्याळ दाबायचं. एखाद्या शब्दावर मूल तीन सेकंद अडलं, की 'पुढचं' म्हणून बोट पुढच्या शब्दावर न्यायचं. आणि पहिल्या अख्ख्या ओळीत एकही शब्द बरोबर आला नाही तर चाचणी तिथेच बंद. कागद काढून घ्यायचा, टॅबवर शून्य टाकायचं, 'झालं, जा' म्हणायचं. शून्यवाल्या मुलाला गोष्टीवरचे प्रश्नही विचारत नाहीत. ज्याने वाचलंच नाही त्याला काय विचारायचं? मला हे नेहमीच पटत आलं होतं. एकेका शाळेत वीस मुलं असतात, आणि पाचच्या ठोक्याला टॅबमधली सगळी माहिती वर पाठवावी लागते.

त्या दिवशीची शाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक पत्र्याचा व्हरांडा. दुसरीच्या वर्गात अडुसष्ट मुलं आणि एक बाई. बाई फळ्यावर छडी आपटत होत्या, मुलं एका सुरात, घसा फुटेस्तोवर ओरडत होती. मला व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशेजारी एक बाक दिला होता. टाकीचा नळ गळत होता. तो आवाज, ती आरडाओरड, आणि टाकीवर पाणी प्यायला येऊन माझ्याकडे टकामका बघत राहणारी पोरं! माझ्या डोक्याचा अगदी भुगा झाला होता. मी बाकाखाली टाच आपटत एकेकाला उरकत होते.

अकरावं नाव पुकारलं तेव्हा वर्गाच्या बाई स्वतः बाहेर आल्या. चेहरा दमलेला, केसांवर खडूची पूड.

"ताई, हिला गैरहजर लावता का?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांच्या मागे एक मुलगी उभी होती, नऊएक वर्षांची, अंगाने इवलीशी, मोठ्या बहिणीचा असावा असा ढगळ फ्रॉक घातलेली.

"हजर आहे की ही. माझ्यासमोर उभी आहे."

"अहो, ही बोलतच नाही. पोरं मुकी म्हणतात तिला. मुकी नाही, पण वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. गेल्या वर्षी शून्य आलं, दुसरीतच ठेवली. यंदा परत शून्य आलं तर तयारी वर्गात जाईल, पाच-पाच वर्षांच्या पोरांत. तिच्या बापाने मला सांगून ठेवलंय, परत खाली बसवली तर शाळा बंद. दुसऱ्या गावी आत्याकडे पाठवणार, तिची बाळं सांभाळायला. गैरहजर लावली तर गुणच नसतील, आणि गुण नसले की मूल आपोआप वरच्या वर्गात जातं. एक टिचकी मारायची हो फक्त."

ह्या असल्या गोष्टींनी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सहा वर्षांत मी कुणाला कधी खोटं गैरहजर लावलं नाही, खोटं हजरही लावलं नाही. "बाई," मी म्हटलं, "तिला येत नसेल तर ते कळायला नको का? वरच्या वर्गात ढकलून तिचं काय भलं होणार आहे?"

वर्गातला गोंधळ वाढला तशा बाई आत गेल्या.

मी कागद मुलीपुढे ठेवला. शिंप्याच्या दुकानात घुसलेल्या कोंबडीची गोष्ट. "मोठ्याने वाच," म्हटलं आणि घड्याळ दाबलं. मुलीचे डोळे कागदावर, ओठ बंद. एक, दोन, तीन. "पुढचं." एक, दोन, तीन. "पुढचं." तिने एकदा माझ्या बोटाकडे पाहिलं, माशी हाकलावी तसं करावंसं वाटलं असणार तिला, असं आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नाही. पहिल्या ओळीत सात शब्द होते. एकवीस सेकंदांत ओळ संपली. मी कागद काढून घेतला.

"झालं, जा."

टॅबवर शून्य टाकलं आणि बारावं नाव पुकारलं.

आता, दर पाच मुलांमागे एकाच्या घरीही जावं लागतं. घरात कोण काय करतं, दिवा आहे का, पुस्तकं आहेत का, असा एक तक्ता भरायचा असतो. ती नावं टॅबच निवडतो, त्यात आपलं काही चालत नाही. चार घरं आली होती. तीन उरकली. चौथं त्या मुलीचं निघालं. मी कपाळावर हात मारून घेतला. शून्य देऊन आलेल्या मुलीच्या घरी जायचं, आणि तिच्या आईला तोंड वर करून विचारायचं की तुमच्याकडे पुस्तकं आहेत का हो!

पावणेतीन वाजले होते. गल्ली अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं. मी दार शोधून वाजवणार तेवढ्यात ते आतून उघडलं आणि एका बाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती पुटपुटली. "हे झोपलेत."

एकच खोली. अर्ध्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, अंगावर चादर घेऊन तिचा नवरा झोपलेला. तो बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. बारा वर्षं हीच पाळी, संध्याकाळी सहाला जायचं, सकाळी यायचं. लोखंडी आकड्याने बर्फाच्या लाद्या ओढायचं काम. झोप पुरी झाली नाही तर हात चुकतो. मागच्या महिन्यात शेजारच्या माणसाचा हात चुकला आणि लादी त्याच्याच पायावर आली, हे सगळं त्या बाईने मला कानाला लागून सांगितलं. म्हणून ह्या घरात दिवसा कुणी बोलत नाही. भांडंसुद्धा जमिनीवर फडकं टाकून ठेवतात.

उरलेल्या अर्ध्या खोलीत कागद. बाई रद्दीच्या कागदांच्या पिशव्या करून दुकानदारांना देते. किलोवर रद्दी आणायची, जुन्या पुस्तकांची पानं सुटी करायची, घडी घालायची, खळ लावायची, थप्पी रचायची. मुलगी शाळेतून येऊन कामाला बसलेलीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

मी अंग चोरून बसले. टॅब काढला. कुजबुजत प्रश्न विचारायची ही माझी पहिलीच वेळ. घरात किती माणसं? तीन. आईचं शिक्षण? नाही. वडिलांचं? नाही. घरात कुणी मुलीला वाचून दाखवतं का? बाई नुसती हसली. घरात पुस्तकं आहेत का? 'नाही' टाकलं. माझ्या गुडघ्यापर्यंत पुस्तकांची पानं आली होती आणि मी 'नाही' टाकलं, कारण बांधलेलं असेल तरच ते पुस्तक, असं तक्त्यात लिहिलंय.

"पोरीचा मदतीला उपयोग तरी होतो," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"कसला उपयोग, ताई! माझ्या दहा होतात तेव्हा हिच्या दोन. प्रत्येक कागद डोळ्यांसमोर धरते, मग घडी घालते. चित्रं बघत बसते हो."

मी कागदांकडे पाहिलं. बारीक छपाई, वरपासून खालपर्यंत. त्यात चित्र एकही नव्हतं. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. माझं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं.

तक्त्याच्या शेवटी मुलीची माहिती आपोआप येते. 'वाचनपातळी: एकही शब्द वाचता येत नाही.' खाली 'बरोबर' दाबायचं असतं. मी दाबणार, तेवढ्यात समोरून एक बोट आलं आणि टॅबच्या काचेवर टेकलं. खळीने बरबटलेलं, 'नाही' ह्या शब्दावर.

"अगं, हात काढ! खराब होईल," मी दबक्या आवाजात खेकसले आणि काच पदराने पुसली. परत बोट आलं. परत त्याच शब्दावर. ती माझ्या समोर बसली होती, म्हणजे तिच्या बाजूने टॅब उलटा होता. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. नाही, नाही.

माझ्या हातापायांतली घाई क्षणभर थांबली. मी टॅबवर एक कोरं पान उघडलं आणि लिहिलं, 'तुझ्या नाकाला खळ लागली आहे.' टॅब न फिरवता, तसाच उलटा तिच्यापुढे धरला.

मुलीने मनगटाने नाक पुसलं.

देवा रे! मी परत लिहिलं, 'अजून आहे. डाव्या बाजूला.' तिने डावी बाजू पुसली आणि कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तरी गेली का असं.

"हिला वाचता येतं," मी तिच्या आईला म्हटलं.

"कुणाला?"

"ह्या तुमच्या लेकीला! चित्रं नाही बघत ती, वाचते. इथे एक तरी चित्र आहे का, दाखवा मला!"

"हळू, ताई, हळू," ती घाबरून नवऱ्याकडे बघत म्हणाली. माझं बोलणं तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मग शिरलं. ती हातातला कागद उलटसुलट करून बघायला लागली.

मी दाराबाहेर जाऊन फोन लावला. आमच्या वरिष्ठांना आम्ही शंभरटक्के म्हणतो, कारण ते प्रत्येक वाक्यात ते म्हणतात. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. गटार ओलांडून तीन पावलं पलीकडे जात होते, तीन पावलं अलीकडे येत होते.

"सर, मी सकाळी एका मुलीला शून्य दिलंय. तिला वाचता येतं. ती मनात वाचते. मोठ्याने वाचत नाही."

"मग शून्य बरोबर आहे, ताई. चाचणी मोठ्याने वाचायची आहे, शंभर टक्के."

"सर, ती उलटं धरलेलं वाचते!"

"उलटं वाचायचा रकाना नाही आपल्याकडे."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सहा वर्षांत त्यांना माझ्या तोंडून असलं काही ऐकायची सवय नव्हती. ते थोडे वरमले. म्हणाले, "बरं, नियमात एक फेरचाचणी बसते. पाचच्या आत. तोच उतारा चालेल, तिने तो वाचलेला नाही. पण मोठ्याने, घड्याळ लावून. वीस शब्द आले तर शून्य काढतो. एकदाच, शंभर टक्के."

साडेतीन झाले होते. मी आत आले. मुलीपुढे कोंबडीची गोष्ट ठेवली आणि तिच्या आईला समजावलं. मोठ्याने वाचावं लागेल, वीस शब्द आले की झालं, तयारी वर्ग टळला. आई माझ्याकडे बघायची, झोपलेल्या नवऱ्याकडे बघायची.

"बाहेर गल्लीत वाचू दे," ती म्हणाली.

गल्लीत नेलं. तिथे नळावरच्या बाया, दोन कुत्री, आणि लगेच जमलेली आठ-दहा पोरं. "मुकी बोलणार, मुकी बोलणार!" मुलगी वळली आणि सरळ आत गेली. शेजारणीचं घर विचारलं, त्याला कुलूप. मी परत तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "अगदी हळू वाच. मला ऐकू आलं म्हणजे झालं." तिने कागद धरला. ओठ हलले. हललेच फक्त. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला, श्वास लागत होता, आवाज नव्हता. नऊ वर्षं ज्या पोरीला ह्या खोलीत 'शू' ऐकायची सवय, ती मी सांगितल्यावर बोलणार होती होय! मी तीन-तीन सेकंद मोजत नव्हते, पण तिला ते कुठे माहीत होतं? ती माझ्या बोटाकडेच बघत होती. पावणेचार. चारला दहा कमी.

"मुंगे, वाच गं," आई पुटपुटली. घरी तिला मुंगी म्हणत. "वाच ना माझे बाय. नाहीतर तुला आत्याकडे..." पुढचं तिला बोलवेना.

"मी जागाच आहे."

आम्ही तिघीही दचकलो. तो भिंतीकडे तोंड करूनच पडला होता, चादरीतून बोलला. "मघापासून जागा आहे. वाच, मुंगे. मोठ्याने वाच."

तरी ती बसून राहिली. मग त्याने कूस बदलली आणि हाताची उशी करून तिच्याकडे बघत राहिला. बर्फाने हातांची कातडी सोललेली, डोळे लाल. "काय लिहिलंय त्यात?" त्याने विचारलं. चाचणी म्हणून नाही, आपलं खरोखर माहीत नाही म्हणून विचारलं.

"कोंबडी आहे," ती म्हणाली.

तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घोगरा होता, वापर नसल्यासारखा.

"काय करते कोंबडी?"

आणि ती वाचायला लागली. 'एका शिंप्याच्या दुकानात एक कोंबडी रोज यायची.' शाळेत वाचतात तसा हेल नाही, ओरडणं नाही. आपल्या घरातल्या माणसाला काहीतरी सांगावं तसं. कोंबडी कपड्यांच्या ढिगात अंडं घालायची आणि शिंप्याला ते कधी सापडायचं नाही. 'गिऱ्हाईक' ह्या शब्दावर ती अडली, मागे गेली, परत आली, आणि तो बरोबर म्हणाली. बाप कोपरावर उठून बसला. आईच्या हातातला कागद हातातच राहिला. एक गिऱ्हाईक आपला कोट न्यायला आलं, घाईघाईने अंगात घातला आणि खिशात हात घातला. तिथे मुलगी थांबली, कागदावर पुढे डोळे फिरवले आणि एकदम हसली. हसतच शेवटचं वाक्य वाचलं. 'शिंपीदादा म्हणाला, बटणाचे पैसे घेतो, अंड्याचे घेत नाही.'

बाप इतका मोठ्याने हसला की बाहेरची पोरं दारात आली.

वस्त्यांमधल्या शाळांतून मी हा उतारा शेकडो वेळा पुढे केला असेल. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं सोडली तर शेवटपर्यंत कुणी पोचलेलं नाही. कोंबडी ढिगात शिरते न शिरते तोच माझं साठ व्हायचं. ही गोष्ट विनोदी आहे हे मी विसरूनच गेले होते.

मग प्रश्न. एकूण पाच. कोंबडी कुठे यायची? बरोबर. अंडं का सापडायचं नाही? बरोबर. "गिऱ्हाईकाने खिशात हात घातला तेव्हा काय झालं असेल?" मी विचारलं.

"हात बरबटला असणार! घाई कुणी सांगितली होती?" बाप म्हणाला.

"तुम्हाला नाही, हिला विचारतेय!"

"बाबा, गप्प," मुलगी म्हणाली. त्या घरात हे वाक्य ह्या बाजूने त्या बाजूला पहिल्यांदाच गेलं असेल.

पाचही उत्तरं बरोबर आली. मी खुशीत टॅब उघडला, शब्दसंख्या टाकली, साठ. पुढचा रकाना वेळेचा. मी गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं.

घड्याळ दाबलंच नव्हतं. मी, घड्याळबाई, ऐकत बसले होते.

उतारा आता वाचून झाला होता, तोच परत चालत नाही. दुसरा माझ्याकडे नव्हता. वेळेशिवाय टॅब पुढे सरकत नाही, आणि काहीच टाकलं नाही तर पाच वाजता सकाळचं शून्य वर जाणार. अंदाजे ऐंशी सेकंद टाकू? साठ सेकंदांत चाळीसेक शब्द धरू? कुणाला कळणार होतं? पण मला नेमकं माहीत नव्हतं आणि मी माहीत नसलेला आकडा आजवर टाकलेला नाही. चार वाजून वीस.

मग मला रकाना नऊ आठवला. कुणीच तो वापरत नाही. 'चाचणी रद्द: परीक्षकाची चूक.' तो दाबला की सकाळचे गुण पुसले जातात आणि मूल विनागुण राहतं. म्हणजे वरच्या वर्गात जातं. आणि परीक्षकाच्या नावापुढे फुली पडते. एक फुली पडली की पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही.

शंभरटक्केंना फोन लावला. सांगितलं.

"ताई, विचार करा. एका मुलीसाठी? तुमच्यासारखी बाई मला परत मिळायची नाही."

"चूक झालीय सर. घड्याळ लावलं नाही मी. शंभर टक्के."

नऊ दाबलं. 'खात्री आहे का?' आलं. परत दाबलं. शून्य गेलं. हे काम मला आवडायचं, हे तेव्हा कळलं.

"म्हणजे पास?" बापाने विचारलं.

"तिसरीत जाईल. पास-नापास काही नाही, चूक माझी होती असं लिहिलंय."

तो मुलीकडे बघत होता. "ही कुठे जात नाही आता," तो बायकोला म्हणाला. "हिच्या आत्याला निरोप पाठव, दुसरं कुणी बघ म्हणावं." बाईने डोळ्यांना पदर लावला आणि मला पाणी आणून दिलं. ह्या खेपेला भांडं जमिनीवर ठेवताना तिने फडकं शोधलं नाही.

खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. एका पोरीसाठी आपण काम सोडलं! घरी जाऊन नवऱ्याला कसं सांगायचं, ती वाक्यंसुद्धा मनात जुळायला लागली होती. मी पिशवी आवरली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सकाळीच का नाही गं बोललीस? एवढं छान वाचतेस."

"मी वाचत होते," ती म्हणाली. "आधी मनात वाचते, मग सांगते. तुम्ही सारखं पुढचं, पुढचं म्हणता."

"बरं बाई, चुकलं माझं."

"गेल्या वर्षी पण असंच केलंत."

"गेल्या वर्षी मी नव्हते, दुसरी कुणी असेल," मी म्हटलं. शाळेच्या यादीत नुसते गुण असतात, चाचणी कुणी घेतली ते नसतं.

"तुम्हीच होतात. हेच घड्याळ होतं. होडीची गोष्ट होती, ती नदीत अडकते. ती पण मला येत होती."

बाप आणि आई दोघंही माझ्याकडे बघायला लागले. होडीची गोष्ट मी गेल्या वर्षी अकरा शाळांमध्ये नेली होती, सगळ्या अशाच पत्र्याच्या व्हरांड्याच्या. किती मुलांना पहिल्या ओळीवर उठवलं, ते मला सांगता येणार नाही, कुणाचाही चेहरा डोळ्यांपुढे येईना. हिचाही येईना. समोर बसली होती, तरी.

काहीतरी बोलणं भाग होतं. "मग शेवटी काय झालं त्या होडीचं?" मी विचारलं.

"मला काय माहीत," मुंगी म्हणाली. "तुम्ही कागद काढून घेतलात."